तेच ताट, तोच भाव

केल्सो फेरी गावात बर्निस हुदाक कुठं राहते असं विचारलं तर माणसं डोकं खाजवत. भाववाली म्हटलं की मात्र लगेच, "असं म्हणा की! चर्चच्या मागल्या चढाला, हिरव्या दाराचं घर," म्हणून वाट दाखवत. बाई काही विकत नव्हती आणि विकत घेतही नव्हती. हॉटेलात शिरायची, मेन्यूकार्ड उघडायची, एका पदार्थाचा भाव टिपायची आणि निघून जायची. अन्नाला बोट लावायची नाही. खायच्या जागी जाऊन उपाशी परत येणारं दुसरं माणूस नदीकाठच्या त्या गावांनी पाहिलेलं नव्हतं. चर्चचा फादरसुद्धा आला तर चार घास खाऊन जातो.

नोकरी सरकारची. बाहेर जेवणाऱ्या माणसाच्या खिशाला महिन्यागणिक किती चाट बसते ते वॉशिंग्टनातल्या लोकांना कळायला हवं. त्यासाठी देशभर अशी माणसं हिंडत असतात. त्यांनी वेचून आणलेल्या भावांचा तिकडं काला होतो, त्यातून एक आकडा निघतो आणि तो टीव्हीवर सांगतात. म्हाताऱ्यांची पेन्शन त्याच्याच मागनं वाढते, कामगारांची भांडणं त्याच्यावरच होतात. बर्निसच्या वाट्याला मोनोंगाहेला नदीच्या दोन्ही काठांची हॉटेलं आली होती. पिझ्झावाले, सँडविचवाले, बिअर आणि कोंबडीचे पंख विकणारे, सगळे.

काम दिसायला सोपं, करायला चिवट. भाव कशाचाही टिपून चालायचा नाही. ज्या हॉटेलातलं जे ताट एकदा नेमून दिलं, महिन्या-महिन्याला त्याच ताटाचा टिपायचा. पावातलं मांस पातळ झालं, सूप वाटीतून कपात आलं, लोणच्याची फोड गायब झाली, तर तेही लिहायचं. भाव न हलवता मालकानं ताट हलकं केलं, तर ती भाववाढच. उलट ताट जड केलं, तर भाव उतरला असं धरायचं. बर्निसची उमर शाळेच्या भटारखान्यात डाव हलवण्यात गेलेली. नजर टाकली की ताटात किती पडलंय ते तिला समजे. नवरा मिलान पोलादाच्या कारखान्यात होता. कारखाना बसला, पाठोपाठ तोही खोकत खोकत बसला आणि गेला. पोरगी कॅरोलायनात. ती फोनवर म्हणायची, "आई, आता हे सगळं कॉम्प्युटरवर कळतं. तू कशाला पाय घासत हिंडतेस?" बर्निस म्हणायची, "कॉम्प्युटरला लोणच्याची फोड दिसती व्हय?"

कामावर घेताना हात वर करून शपथ घ्यायला लावली होती. एकाचा भाव दुसऱ्याला सांगायचा नाही. मालकाला सल्ला द्यायचा नाही. कुणाचं फुकट काही घ्यायचं नाही, कॉफीचा घोटसुद्धा. बर्निस ती शपथ सोवळ्यासारखी पाळायची. लोकांना मात्र ही बाई नक्की कोण ते उमगत नसे. पिझ्झावाल्या कार्माइननं पहिल्या खेपेला तिला आरोग्य खात्याची समजून मांजर कोटात लपवलं होतं. बाई भाव विचारतेय आणि कोट म्याव करतोय. बर्निसनं मान वर न करता भाव टिपला. मांजर तिच्या कामात बसत नव्हतं.

तिच्या सगळ्या फेरीत तिला आपलं वाटणारं ठिकाण एकच, ॲगी पेट्राकचं. कारखान्याच्या बंद फाटकासमोर खाली हॉटेल, वर ॲगीची खोली. ॲगी सत्तरीची, आडवी, दंडावर भाजल्याचे डाग. नवरा अँडी वारल्यावर तिनं एकटीनं भट्टी चालवली. तिथलं नेमलेलं ताट हलुपकीचं. उकडलेल्या कोबीच्या पानात खिमा आणि भात घट्ट वळायचा, वर टोमॅटोचा आंबटगोड रस्सा. ताटात दोन हलुपक्या, कुस्करलेले बटाटे आणि पावाचे दोन काप. त्या भागातल्या निम्म्या लोकांच्या आज्या ते समुद्रापलीकडच्या जुन्या मुलखातून डोक्यात घेऊन आल्या होत्या. आता आज्या राहिल्या नव्हत्या, ॲगी होती.

बर्निस आत शिरली की काउंटरच्या टोकाला बसलेला वासिल डुटको आरोळी ठोकायचा, "उठा रं, सरकार आलं!" वासिल कारखान्यातला जुना माणूस, बायको नाही, दुपारचं जेवण रोज तिथंच. ॲगी हात पुसत बाहेर यायची आणि काउंटरमागं ताठ उभी राहायची. चर्चमध्ये उभी राहते तशी.

"तेच ताट?"

"तेच."

"तेवढंच?"

"दोन हलुपक्या, बटाटं, पाव. तेवढंच."

"भाव तोच?"

"तोच."

"छान," म्हणून बर्निस सरकारनं दिलेला टॅब मिटायची. प्रश्न कुठल्या शब्दांत विचारायचे तेही वरून ठरवून दिलेलं होतं. भाव बदललेला असला की तो टॅब खोदखोदून विचारत बसायचा, का बदलला, कधी बदलला, ताटात काय कमीजास्त झालं. भाव तोच असला की एका बोटात काम आटपायचं. ॲगीकडं काम एका बोटाचं. त्या 'छान'मध्ये बर्निसच्या मनात एवढंच होतं.

महामारी ओसरली आणि सगळ्याच भावांनी उसळी घेतली. अंडी, तेल, खिमा, गॅस, भांडी घासणाऱ्याची मजुरी, काही म्हणून जागेवर राहीना. मेन्यूकार्डांवर चिकटपट्ट्या आल्या, पट्टीवर पट्टी, पुढं पुढं तर नखानं खरवडलं तर मागच्या वर्षाचा भाव निघावा. काहींनी कार्डच काढून टाकलं आणि फळ्यावर खडूनं लिहायला लागले, पुसायला बरं. बर्निसची बोटं टॅबवर दुखायला लागली. मालक तिच्यापुढं मान खाली घालून उभे राहत, जणू ती त्यांच्या शाळेतली बाई.

"लिही बाई, वाढवलाय," कार्माइन म्हणायचा. "तुज्या सरकारला सांग, हौसेनं केलेलं न्हाई."

"मी फक्त लिहिते, कार्माइन."

"व्हय, आन् देव नुसता बघतो. दोघांचा उपेग सारखाच."

सगळीकडं ताट सोळा-सतराच्या पुढं गेलं. एकटी ॲगी, नऊ डॉलरला पाच सेंट कमी, तिथंच खुंटा रोवून उभी. बाकीच्या पदार्थांचे भाव तिनं वाढवले होते. बर्गर वाढला, सूप वाढलं, फळांचा गोड पायसुद्धा वाढला. हलुपकीचं ताट हललं नाही. मग व्हायचं तेच झालं. बर्गर कोण खातो? नदीपल्याडची माणसं गाड्या काढून हलुपकी खायला यायला लागली. दुपारी बसायला जागा मिळेना. रस्त्यानं जाणारा म्हणायचा, ॲगीचं झकास चाललंय.

बर्निसला दिसत होतं काय चाललंय ते. कोबी काय भावानं येतो, खिमा काय भावानं येतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ताट गिऱ्हाइकाच्या पुढ्यात जाईस्तोवरच त्यात नऊच्या वर गेलेले असत. जितकी गर्दी तितकी खोट. एका महिन्यात वाढपी डॅरलीन दिसेना. पुढच्या महिन्यात गोड पायच्या काचेच्या कपाटातला दिवा बंद. त्यापुढच्या महिन्यात अँडीचा ट्रक अंगणातून गेला. ॲगी गुडघ्याला पट्टा बांधून एकटी वाढत होती, एकटी घासत होती आणि अँडीच्या विम्याचा पैसा भट्टीत घालत होती. खालचं हॉटेल गेलं की वरची खोलीही जाणार, कारण दोन्ही एकाच बँकेच्या दोरीला बांधलेली.

वासिलला त्याचं काही नव्हतं. तो ताट खरवडत म्हणायचा, "भाववाले, ह्या ॲगीला काय तरी सांग की. समदं जग भाव वाढवतंय, ही वाढवंना. हिच्या पायी माजी पेन्शन वाढायची ऱ्हायली!"

"तू आधी टीप ठेवायला शीक, मग पेन्शन माग," ॲगी आतून ओरडायची.

एका दुपारी गर्दी पांगल्यावर ॲगीनं बर्निसला थांबवलं. भाव टिपून झाला होता. ॲगी काउंटरवर कोपर टेकून हळूच म्हणाली, "बर्नी, एक विचारू? नदीपल्याड ह्या ताटाचं काय घेतात गं?"

बर्निस म्हणाली, "मला सांगता येत न्हाई, ॲगी. तुला म्हाईत हाय."

"सगळं नको सांगू. माज्याहून जास्त का कमी, एवढंच."

"न्हाई सांगता येत."

"मान हलीव नुसती."

बर्निसची मान खांबासारखी ताठ राहिली. ॲगीनं फडका उचलला आणि स्वच्छ असलेला काउंटर पुसायला लागली. "तुज्या मिलानच्या मयताला ह्या काउंटरवर शंभर माणूस जेवलं," ती म्हणाली. "तवा मी मान हलवायला सांगितली न्हवती कुणाला."

बर्निस गाडीत येऊन बसली. घरी जाऊन तिनं वरच्या साहेबाला फोन लावला. क्लेटन प्रुइट नावाचा, पोरसवदा, वागायला सभ्य.

"मिसेस हुदाक, तुम्ही काही बोललात तर तो भाव तुमचा होईल, त्यांचा राहणार नाही. आपण थर्मामीटर आहोत. ताप उतरवणं आपलं काम नाही."

"आणि पेशंट मेला तर?"

तो म्हणाला, "त्यासाठी वेगळा कोड आहे. कायमचं बंद. तुमच्या यादीत दिसेल."

त्या पोराचं चुकत होतं असंही नाही. हीच तर पंचाईत होती. शिव्या द्याव्यात असं कुणी सापडेना.

मग बर्निसला एक वाट सुचली. सांगायचं नाही, ठीक. पण दोन बायकांनी मिळून बाहेर जेवायचं नाही असं शपथेत कुठं होतं? ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालले होते. शुक्रवारी त्या भागात कुणी मांस खात नाही, त्यामुळं ॲगीचं हॉटेल शुक्रवारी दुपारी बंद असायचं. आपल्या यादीत नसलेलं, नदीपलीकडचं एक हॉटेल बर्निसनं हेरलं आणि ॲगीला आपल्या निळ्या गाडीत घातलं. आपलं आपण देऊन मासा खाऊ, म्हणाली.

ॲगीनं चांगला झगा घातला होता. खुर्चीवर बसून तिनं चष्मा लावला, कार्ड उघडलं आणि वाचायला लागली. बर्निस पाणी पीत वाट बघत राहिली. आता तिचं तिलाच कळेल, आपल्याला तोंड उघडायची गरज नाही.

"बर्नी, हे काय, फोन नंबर छापलाय का?"

"भाव हाय तो."

"एकोणीस! माशाला? मासा पोहत आला का टॅक्सीनं?" शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. ॲगीनं पान उलटलं. "आन् हे बघ, पिरोगी. कणकेच्या पारीत बटाटा. बटाटा गं! चौदा! ह्यांच्या आया वरनं बघत असतील."

"तेच तर," बर्निस म्हणाली. एवढंच म्हणाली.

ॲगीनं कार्ड मिटून टेबलावर ठेवलं, वर हात ठेवला, आणि तिचा चेहरा उजळला. बर्निसला वाटलं, जमलं. "बरं झालं तू मला आणलंस," ॲगी म्हणाली. "माज्या मनात शंका आली हुती. रातच्याला वाटायचं, वाढवावं का, वाढवावं का. आता न्हाई. अशी लूट चालली असताना मी बी हात मारू? वासिलसारख्यानं जायचं कुठं?"

"अगं पण तू बुडतीयास, ॲगी."

"तू तर असं म्हणू नगंस." ॲगी पुढं झुकली. "तू येतीस. विचारतीस, भाव तोच? मी म्हणती, तोच. आन् तू म्हणतीस, छान. अँडी गेल्यापासनं मला छान म्हणायला दुसरं कोन हाय? गिऱ्हाईक ढेकर देतं आन् जातं. समद्यांनी हात टेकलं, आपुन न्हाई टेकलं. मी म्हणती, वॉशिंग्टनात एका तरी कागदावर आसंल, केल्सो फेरीत एक ताट हाय आन् ते हाललं न्हाई."

मासा येऊन दोघींच्या पुढ्यात पडला. वॉशिंग्टनात असा कागद नव्हता. तिथं ॲगी नव्हती, केल्सो फेरी नव्हतं, हलुपकीही नव्हती. हजारो आकड्यांच्या ढिगात एक आकडा होता, त्याला नाव नव्हतं. आणि 'छान' का म्हणायची, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? माझी बोटं दुखतात म्हणून?

"ॲगी, ते छान... ते मी नुसतं म्हणते. त्याला काही अर्थ नसतो."

"नुसतं कसं? तू काय नुसतं बोलणारी बाई न्हाईस. तू मान बी हलवत न्हाईस."

बर्निसनं शपथ बाजूला ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच. "वाढव ॲगी. हात जोडते. सोमवारी वाढव."

ॲगीनं चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "हे कोन सांगतंय? तू का सरकार?"

सरकार म्हणून सांगितलं तर खोटं, आणि नोकरीवर पाणी. "मी," बर्निस म्हणाली.

"मग मासा खा. गार व्हतोय."

पुढच्या खेपेला बर्निसनं ठरवलं होतं, छान म्हणायचं नाही. तेवढं तरी तिच्या हातात होतं. तिनं तिन्ही प्रश्न विचारले, ॲगीनं तिन्ही उत्तरं दिली. "तोच," म्हणून ॲगी थांबली. बर्निसनं टॅब मिटला आणि ती वळली.

"काय गं?" मागनं आवाज आला.

"काही नाही. येते."

"काही चुकलं का?"

"काही नाही चुकलं."

दार लावताना तिनं बघितलं, ॲगी तिथंच उभी होती, हातात फडका, डोळे दारावर. बर्निस मनाला म्हणाली, लागू दे थोडं. लागल्याशिवाय शहाणपण येत नाही.

महिन्यानं ती परत गेली तर वासिल ताटावर ओणवा होऊन खात होता आणि त्याच्या ताटात तीन हलुपक्या होत्या. बर्निसनं दुसऱ्या टेबलाकडं बघितलं. तिथंही तीन. ॲगी बाहेर आली, घामानं डबडबलेली, ताठ.

"तेच ताट?" बर्निसनं विचारलं.

"तेच."

"तेवढंच?"

"तीन केल्या," ॲगी म्हणाली. "मागल्या येळंला तुजं तोंड बघितलं मी. सारा इचार केला. म्हटलं, हिच्या मनात आलं आसंल, ॲगी भाव राखती पर ताटात मारती. सगळेच तसं करत्यात, म्हणून तर तू 'तेवढंच' विचारतीस. म्हटलं घ्या, बघा. तीन."

"ॲगी, मला तसं वाटलं नव्हतं."

"मग छान का न्हाई म्हणालीस?"

"काढ ती तिसरी. आत्ताच्या आत्ता काढ."

वासिलनं ताटाभोवती हात घातला. "ए भाववाले! सरकारच्या पोटात का दुखतंय?"

सगळं हॉटेल हसलं. ॲगीही हसली, दमलेली, पण हसली. "भाव तोच हाय, बर्नी," ती म्हणाली. "लिही."

बर्निसनं लिहिलं. टॅबनं विचारलं, ताटात बदल? होय. कमी की जास्त? जास्त. मग त्यानं आपलं आपण गणित करून दाखवलं, ह्या ताटाचा भाव उतरला. त्या साऱ्या नदीकाठावर त्या महिन्यात भाव उतरलेलं ताट तेवढं एकच. बर्निस त्या आकड्याकडं बघत राहिली. आकडा खरा होता, नियमाला धरून होता. तिनं पुढचं बटण दाबलं आणि "छान" म्हणाली, कारण आता आणखी काही केलं तर चौथी आली असती.

ईस्टर झाला. त्यानंतरच्या आठवड्यात खाटकानं खिमा उधार द्यायचं बंद केलं. ॲगीनं दोन दिवस चर्चच्या तळघरातल्या बायकांकडून मागून आणून भागवलं. तिसऱ्या दिवशी दार उघडलं नाही. बर्निसच्या फेरीच्या दिवशी काचेवर कागद होता. ॲगीनंच लिहिलेला, "बंद. आभार." दार ढकललं तर उघडंच निघालं. आत खुर्च्या टेबलांवर उलट्या, ॲगी खोक्यात भांडी भरत होती. एरी गावाला पुतण्याकडं जायचं ठरलं होतं. त्याच्या घरात खालच्या मजल्यावर एक खोली होती, न्हाणीघराशेजारी.

"आलीस?" ॲगी म्हणाली. "आज काय मोजायला न्हाई बघ."

"मी मदतीला आले."

"मग त्ये पातेलं उचल. माज्यानं उचलंना."

दोघींनी मिळून पातेलं खोक्यात घातलं. ते खोक्यात मावेना. ॲगीनं ते परत बाहेर काढलं आणि जमिनीवर ठेवून दिलं. पुतण्याकडं एवढं मोठं लागणार कुणाला?

"माजं काय लिवलंस?" तिनं विचारलं.

"बंद."

"निस्तं बंद? कशानं, काय, त्ये न्हाई?"

"तेवढीच जागा असते, ॲगी. कायमचं बंद का तात्पुरतं, एवढंच विचारतात."

ॲगी खाली बसली, टेबलाच्या पायाला धरून. "आन् ते ताट? ते न हाललेलं?"

बर्निसला खोटं बोलता आलं असतं. कुणाचं नुकसान नव्हतं. तिनं तोंड उघडलं, पण शब्द नियमातलेच आले. "बंद झालेल्या ठिकाणाचं ताट काढून टाकतात. त्याच्या जागी दुसरीकडचं धरतात."

"बरं," ॲगी म्हणाली. मग म्हणाली, "मी समजत हुते आपुन काय तरी धरून ठिवलंय."

त्या महिन्याचा आकडा टीव्हीवर सांगितला. बाहेरच्या जेवणाचा भाव वाढला, पण वाटला होता त्याहून किंचित कमी. निवेदक खूश दिसला. बर्निसनं टीव्ही बंद केला आणि सिंकमधली एकुलती एक बशी धुतली.

ॲगीच्या जागी तिला हमरस्त्यावरचं एक हॉटेल नेमून मिळालं. देशभर एकाच छापाची, तशातलं. मॅनेजर पोरगी भरभर बोलायची, काम भरभर व्हायचं. भाव दर खेपेला बदललेला असायचा आणि त्या पोरीला ना त्याची लाज ना खंत. "वाढला, मॅम. आणखी काही?" एवढंच. बर्निसला ते एका अर्थी सोपं वाटलं आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटलं.

ऑक्टोबरात, अंगाला झोंबणारा वारा सुटलेला असताना, ती तिथून बाहेर पडली तर गाडीजवळ वासिल उभा. अंगात कारखान्याचं जुनं जाकीट, दाढी वाढलेली. खालून गावातून तो चालत आला होता.

"आत जेवलास?" तिनं विचारलं.

"आत? दारावरचं कार्ड वाचलं आन् मागं फिरलो." तो गाडीच्या बॉनेटला टेकला, उबेला. "भाववाले, तू समदीकडं हिंडतीस. तुला समदं ठाव हाय. मला एक सांग. दहाच्या आत ताट कुठं मिळतंय?"

"वासिल..."

"शपथबिपथ म्हाईत हाय मला. मी काय हॉटेलवाला न्हाई. मी खानारा हाय. खानाऱ्याला सांगायला काय व्हतंय? तू नुसता रस्ता दाखीव. ह्या अंगाला का त्या अंगाला."

बर्निस उभी राहिली. मनात तिनं सगळी फेरी धरली. अलीकडचा काठ, पलीकडचा काठ, पुलाखालचं, बंबवाल्यांच्या हॉलाशेजारचं, कार्माइनचं. एकेका दारातून आत गेली, एकेक कार्ड उघडलं, एकेक भाव वाचला. शपथ तिनं एकदा मोडली होतीच, आणखी एकदा मोडायला तिची आता काही हरकत नव्हती. ती मोडायलाच निघाली होती. पण शेवटच्या दारातून बाहेर आली तरी दहाच्या आतलं एकही ताट तिला सापडलं नाही.

"न्हाई सांगता येत," ती म्हणाली.

"मान बी न्हाई हलवायचीस?"

"न्हाई."

"मग तुजा उपेग काय गं?" त्यानं रागानं नाही विचारलं. आज बस आली नाही तर उद्या येईल का, असं विचारावं तसं विचारलं.

"माज्या घरी चल. सूप हाय."

"आज चलीन. उद्या?" त्यानं जाकिटाची कॉलर वर केली. "ऱ्हाऊ दे. तुला बी सरकार मोजूनच देत आसंल."

तो पेट्रोल पंपाच्या दिशेनं निघाला. तिथं काचेच्या पेटीत दिव्याखाली सॉसेज फिरत असतात. त्यांचा भावही मागल्या आठवड्यातच वाढला होता. बर्निसला हाक मारावीशी वाटली. हाक मारून सांगायचं काय, ते मात्र तिला काही केल्या सुचेना.